हॅमर उचलण्याआधी

चि. बाबूस,

सेवा जोहार.

परवा बोलता बोलता फोन कटला. नंतर चार वेळा लावला, पण मेळघाटातल्या तुझ्या बीटात, तू राखतोस त्या जंगलात, रेंज नाही तर नाहीच. म्हणून लिहायला बसलो. कुणी टपाल आणायला धारणीला उतरेल तेव्हा तुला मिळेल, घाई नाही.

तू फॉरेस्टात लागलास म्हणून तुझ्या मायनं गावभर पेढे वाटले. मी मात्र एक गोष्ट कुणाला बोललो नाही. ट्रेनिंग संपवून खाकीत अंगणात आलास, तेव्हा खाटेवरचा आजा उठून उभा राहिला होता. नातू आहे हे त्याला दिसलं नाही, आधी खाकी दिसली. तुझ्या ते लक्षात आलं आणि तू झटकन त्याच्या पायाशी बसलास. बरं केलंस.

फोनवर म्हणालास, दिवाळीनंतर कूपाचं, म्हणजे तोडीला काढलेल्या जंगलाच्या तुकड्याचं, मार्किंग आहे, तोडायच्या झाडांवर शिक्का मारायचा हॅमर पहिल्यांदा तुझ्या हातात येणार. तुझा आवाज खूश होता. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण फोन कटल्यावर मला आपला ऐन आठवला, नाल्यावरचं ते झाड.

तू तिसरीत असशील तेव्हाची गोष्ट. नाल्याच्या वळणावर होता तो. आता तिथं मोरी आहे आणि पंचायतीनं लावलेला बोर्ड आहे. आपण गोंड, सात देवाचे. आपल्या कुळाचा पेन, म्हणजे देव, त्या ऐनात होता. देव मडक्यात आणि मडकं झाडावर, एवढंच. ना ओटा, ना कळस, ना झेंडा. ऐनाची साल तू आता रोज बघतोस, मगरीच्या पाठीसारखी चौकोन चौकोन भेगाळलेली. त्या भेगांत आजीनं लावलेला शेंदूरसुद्धा नव्हता. आपल्यात लावतच नाहीत. बाहेरच्या माणसाला ते झाड म्हणून झाडच दिसणार.

रस्ता रुंद करायचा म्हणून मोजणीवाले आले. कोण, कुठले, ते लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, आपल्याच घरी चहा प्यायले. त्यातल्या एकानं विचारलं, "मध्ये मंदिर-बिंदिर काही येतं का?" मी म्हटलं, "नाही." मंदिर नव्हतंच ना! त्याच्या कागदावर 'धार्मिक स्थळ' असा रकाना होता, त्यात त्यानं रेघ मारली.

आणि ग्रामसभेची शिफारस? तीही होती. वनहक्क कायद्यात शाळा, दवाखाना, रस्ता अशा कामांसाठी वनजमीन देता येते. जागा एक हेक्टरच्या आतली हवी, झाडं हेक्टरी 75 पेक्षा जास्त तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. तो ठराव माझ्याच अक्षरात आहे. रस्ता सगळ्यांनाच हवा होता, मलाही. तुझ्या मायला बाळंतपणात खाटेवरून नेलेलं मी विसरलो नव्हतो. फक्त ठरावात 'ऐन सोडून' एवढे दोन शब्द लिहायचे राहिले.

तोडायला दीड तास लागला. ऐनाच्या खोडात पाणी साठतं हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलं असेल. करवत अर्ध्यात गेली आणि बुंध्यातून पाणी यायला लागलं. बारीक धारेनं, भर उन्हाळ्यात. करवतवाला पोरगा घाबरून मागे सरला. आजा तिथंच बसला होता. त्यानं ओंजळ पुढे केली, पाणी घेतलं, प्यायला आणि घरी निघून आला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मडकं आदल्या रात्रीच काढून ठेवलं होतं. ते दुसऱ्या झाडावर न्यायला पुढं तीन वर्षं गेली, कारण पेन असा कुठंही बसत नाही. त्याला विचारावं लागतं, सगळे भाऊबंद, सोयरे बोलवावे लागतात, खर्च असतो.

मग आपण सामूहिक वनहक्काच्या दाव्याच्या मागे लागलो. तेव्हा मी ती नियमावली पहिल्यांदा नीट वाचली, 2008 ची. पुरावा म्हणून काय चालतं याची यादी आहे त्यात. चराईच्या जागा, कंदमुळं गोळा करायच्या जागा, जुनी बांधकामं, दफनभूमी, आणि चक्क पवित्र झाडं. छापलेलं आहे, बाबू. म्हणजे ज्याला मी मोजणीवाल्यासमोर 'नाही' म्हटलं, ते सरकारच्याच पुस्तकात पुरावा होतं. नाल्याकडची पट्टी आपली कशी हे दाखवायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे दाखवायला डांबर होतं. शेवटी आजाचा जबाब लिहून घेतला. वडीलधाऱ्यांचं सांगणं लेखी घेतलेलं चालतं. त्यानं झाड कुठं होतं ते सांगितलं, बुंध्याचा घेर वितींत सांगितला आणि अंगठा दिला. तो कागद मी अजून पत्र्याच्या पेटीत ठेवलाय.

झाड तुटलं की सावली जाते, फळ जातं, हे तर कुणीही सांगेल. आपलं झाड तुटलं की साक्षीदार मरतो.

मेंढा-लेखा गाव तर गडचिरोलीतल्या आपल्याच धानोरा तालुक्यातलं. त्यांना 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 ला जयराम रमेश, तेव्हाचे केंद्रीय मंत्री, स्वतः तिथं आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. मी सायकलनं गेलो होतो बघायला. तू ओडिशाच्या नियमगिरीचंही वाच. बॉक्साइटची खाण होणार होती. सुप्रीम कोर्टानं 18 एप्रिल 2013 ला सांगितलं, डोंगर देव आहे की नाही, हक्काला धक्का लागतो की नाही, हे ग्रामसभा ठरवतील. 12 ग्रामसभा बसल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. डोंगरिया कोंधांच्या त्या डोंगरावरही कळस नव्हता. आपल्या इकडं सुरजागडच्या ठाकुरदेवाच्या डोंगराचं लोखंडाच्या खाणीत काय झालं ते तुला माहीत आहेच, त्यावर आता लिहीत बसलो तर पत्र पुरणार नाही.

आता तुझ्या बीटाचं. तिथं कोरकू आहेत, आपली भाषा त्यांना कळत नाही, त्यांची आपल्याला. तू आदिवासी आहेस म्हणून त्यांचं सगळं तुला आपोआप समजेल असं धरून चालू नको. गावात मुठवा, म्हणजे त्यांचा गावदेव, कुठं आहे ते आधी विचार. झाडाखाली दगड असतो, दिसताना साधा. मेलेल्या माणसाच्या नावानं ते सागाची कोरलेली फळी पुरतात, तिला मुंडा म्हणतात. चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेला असतो. जुना झाला की वाळकं लाकूड वाटतं. असली फळी पडलेली दिसली तर डेपोत जमा करायची नाही. आणि ती ज्या झाडाखाली आहे, त्या झाडाला हात लावायच्या आधी भुमकाला, त्यांच्या पुजाऱ्याला, विचार. एकट्यानं जाऊ नको, खाकीत तर मुळीच नको. सुट्टीच्या दिवशी लुंगीवर जा, चहापत्ती घेऊन जा.

विचारलंस तरी पहिल्या दिवशी ते सांगणार नाहीत. सांगू नयेच. आम्हीसुद्धा आमच्या नकाशात पेनठाण्याच्या जागी फक्त गोल काढला. आत काय, पूजा कधी, कुणाची, ते कागदावर घेतलं नाही. जीपीएसचा बिंदू एकदा साहेबाच्या मोबाइलात गेला की तो कुठं कुठं फिरेल, कोण सांगणार? तूही तसंच कर. 'या झाडावर हॅमर नाही' एवढं तुझ्या वहीत पुरे, 'का' ते गावाजवळ राहू दे.

साहेब ओरडेल. ओरडू दे. ग्रामसभेचा ठराव लेखी माग आणि फाइलला लाव. कागदाला कागदच लागतो, हे मी महागात शिकलो.

आपलीही चूक आहे हं, फक्त दुसऱ्यांना नावं ठेवून चालणार नाही. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून आपण झाडाखालचा पाला पेटवतो आणि निघून येतो. गेल्या वर्षी त्याच आगीत आपल्याच मोहाचा बुंधा एका बाजूनं भाजला. यंदा तुझ्या मायनं हट्टानं खराटा घेतला. पहाटे चारला उठून ती, तुझी काकू आणि दोन पोरी झाडलोट करायच्या. बाकीच्या बाया हसायच्या. पण आमची फुलं स्वच्छ निघाली, व्यापाऱ्यानं कचऱ्याची कापणी लावली नाही. आता हसणाऱ्यांतल्या दोघींनी खराटे मागून नेलेत.

पिशवीत वाळवलेली मोहफुलं आहेत आणि टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल एक बाटली. बूच घट्ट आहे, तरी उभीच ठेव. सोबत आपल्या ठरावाची झेरॉक्स आहे, तीच, 'ऐन सोडून' नसलेली. खोलीत लावू नको, पण हरवूही नको.

आजा विचारतोय, मुंड्यावरचा घोडा कोणत्या दिशेला तोंड करून असतो? बघून लिही. त्याला काहीतरी शंका आहे, मला सांगत नाही.

तुझा,
बाबा