लोखंडापर्यंत झिजलेले ब्रेक आणि आमची ‘चालवण्याची पद्धत’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग (सेल्फ ड्राइव्ह गाड्या), पुणे

विषय : नादुरुस्त ब्रेकची गाडी दिल्याबद्दल व अनामत रकमेतून केलेल्या कपातीबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

ऑक्टोबरमध्ये शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांसाठी आम्ही तुमची गाडी घेतली होती. बुकिंगची पावती सोबत आहे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्तचा हा प्रवास. आखणी पत्नीची होती. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरी उगम पावतात, वेगवेगळ्या वाटेनं जातात आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटतात. म्हणून वाईला कृष्णा पाहायची, महाबळेश्वरला मुक्काम, आंबेनळी घाटानं पोलादपूर, रात्री चिपळूण आणि रविवारी कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण करत कऱ्हाड. हे सविस्तर सांगतोय, कारण यातलं अर्धं झालंच नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला तुमचा मुलगा गाडी घेऊन आला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, गाडी बाहेरून चकचकीत. त्यानं चारही बाजूंनी एकेका ओरखड्याचे फोटो काढले. सोसायटीच्या फाटकापाशीच ब्रेक दाबल्यावर खर्र आवाज आला. मी विचारलं, तर म्हणाला, “काका, रात्री धुतलीय, पाणी गेलंय. दोन-चार किलोमीटरनं आवाज जातो.” मी विश्वास ठेवला. ही माझी चूक, ती कबूल.

खेड-शिवापूरच्या नाक्यावर फास्टॅग काळ्या यादीत निघाला. मागे हॉर्न वाजत होते, दुप्पट रोख भरली आणि पुढे गेलो. वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार करून घाटावर बसलो, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिला, मग पसरणी घाट चढलो. चढताना ब्रेकचं फारसं काम नसतं, त्यामुळे तो दिवस छान गेला.

शनिवारी आंबेनळी उतरायला घेतला. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आणि पोलादपूर पार कोकणाच्या तळाशी. मधली चाळीसेक किलोमीटर वळणंच वळणं. ज्या गियरवर घाट चढायचा त्याच गियरवर उतरायचा, हे मी वडिलांकडून शिकलो. त्यामुळे गाडी दुसऱ्या गियरवरच होती. प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर खर्रचं घर्षण झालं, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं, आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खूप खाली जायला लागलं. समोर धुकं, डाव्या हाताला दरी. पत्नी एरवी मला सतत सूचना देते. त्या दिवशी ती गप्प होती, यावरून काय ते समजा. पहिला गियर टाकला, हँडब्रेकवर हात ठेवला आणि बैलगाडीच्या चालीनं खाली आलो.

वाटेत एका ठिकाणी रेंज मिळाली तेव्हा तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. अकरा मिनिटं संगीत ऐकल्यावर ताईंनी जवळची खूण विचारली. म्हटलं, प्रतापगड. “सर, ही सोसायटी कोणत्या एरियात येते?” पुढे त्यांनी सुचवलं की गाडी तिथेच लावा आणि स्वखर्चानं कॅब करून या. भर आंबेनळी घाटात!

पोलादपूरच्या मेकॅनिकनं पुढचं चाक काढून दाखवलं. दोन्ही बाजूंच्या पॅडवरचं अस्तर संपून पत्रा उघडा पडला होता आणि डिस्कवर चरे उमटले होते. स्टेपनीत हवा नव्हती, जॅकचा दांडाही नव्हता. पॅड महाडहून मागवावे लागले, ते रविवारी सकाळी आले. रात्र पोलादपूरच्या लॉजवर काढली. चिपळूणच्या खोलीचे पैसे बुडाले. गाडी साडेअकराला तयार झाली. चार तास वाढवून मागितले, तर तुमच्याकडून उत्तर आलं की उशिराला तासाला ३०० रुपये. घाटातून घाई करत हाकायची माझी तयारी नव्हती. आल्या वाटेनं आंबेनळी चढून परत आलो. खेड-शिवापूरला पुन्हा दुप्पट टोल. पोलादपूरची सावित्री नदी आम्ही जाता-येता दोनदा पाहिली, कोयना एकदाही नाही.

एवढं होऊन तुमचा ईमेल आला : ‘ब्रेक पॅड हा झिजणारा भाग असून ग्राहकाच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे तो खराब झाला.’ म्हणून ब्रेक तपासणी शुल्क १,८०० आणि लाल मातीच्या साफसफाईचे ९००, असे २,७०० रुपये अनामतीतून कापले. पुणे ते पोलादपूर आम्ही जेमतेम एकशे साठ किलोमीटर चाललो. तेवढ्यात चांगले पॅड लोखंडापर्यंत झिजत नाहीत, त्याला हजारो किलोमीटर लागतात. जे नवे पॅड आमच्या पैशानं बसवले, तेच तपासायचे १,८०० रुपये आमच्याकडूनच! आणि माती लाल आहे, याला आम्ही काय करणार? कोकणात ती तशीच असते.

माझी मागणी अशी : कापलेले २,७००, पॅड व मजुरी २,६५०, लॉज १,१००, चिपळूणची खोली २,४००, एकूण ८,८५० रुपये आणि टोलचा जादा भार पंधरा दिवसांत परत करावा. गाडी देण्याआधी ब्रेक कोणी, कधी तपासले, त्याची नोंद पाठवावी. नोंद नसेल तर तसं लेखी कळवावं. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करेन. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे फी लागत नाही.

सोबत मेकॅनिकचं बिल, टोलच्या पावत्या आणि फोटो जोडले आहेत. जुने पॅड पाठवत नाही. ते पत्नीनं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. तुमच्या माणसाला पाहायचे असतील तर संध्याकाळी सहानंतर आम्ही घरी असतो.

आपला,
(सही)