अटींच्या ओझ्याखालचा नियम

युद्धातील पर्यावरणहानीवरील रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. निसर्गाला युद्धात संरक्षण १९७७ पासून मिळाले, हे त्यातील विधान अपुरे आहे. सातव्या शतकात सीरियाच्या मोहिमेवर निघालेल्या सेनापतीला पहिले खलिफा अबू बक्र यांनी दिलेल्या सूचना इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहात नोंदलेल्या आहेत: फळझाडे तोडू नका, खाण्यापुरत्या सोडून मेंढ्या-उंट मारू नका. लष्करी निकड असल्यास काय, यावर पुढे फकिहांमध्ये (इस्लामी कायद्याच्या पंडितांमध्ये) मतभेद झाले, हे खरे. पण साध्या शिपायालाही कळेल असा तो हुकूम होता. उलट, युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलनुसार (पूरक करारानुसार) मनाई लागू होण्यासाठी पर्यावरणाची हानी व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर अशी तिन्ही असावी लागते. दीर्घकालीन ठरायला दशके जाणार, तोवर दाद कुठे मागायची? १९९१ मध्ये कुवेतमधील ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या. इराकला भरपाई द्यावी लागली ती सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८७ मुळे, या प्रोटोकॉलमुळे नव्हे. तिन्हींपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरे, अशी दुरुस्ती व्हायला हवी. पर्यावरणात फेरफार करून त्याचे शस्त्र करण्यास मनाई करणाऱ्या १९७६ च्या करारात तशी तरतूद आहेच.