खडा निघाला, नळीचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

मुतखड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल कुठेही वाचा, चिरा नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी, एवढंच असतं. खोटं नाहीये ते. आमच्या दादाला युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून लघवीच्या पिशवीत जाणारी बारीक नळी असते ना तिच्यात, ८ मिलिमीटरचा खडा अडकला होता, कमरेतून कळ निघायची ती थेट जांघेपर्यंत, माणूस रात्रभर येरझाऱ्या घालायचा. पत्थरचट्ट्याची पानं चावून झाली, जवाचं पाणी झालं (एका शहाण्याने बियर पण सुचवली), ४-५ मिलिमीटरचा खडा बरेचदा आपणहून पडतो पण हा हलेचना. शेवटी लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून लेझरने फोडला आणि आठवड्याने दादा रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला इथे इंदूरच्या राजवाड्यावर हजर.

पण आत डीजे स्टेंट ठेवलाय हे आम्हाला कोणी धड सांगितलंच नाही. मऊ नळी असते, दोन्ही टोकं वळलेली, एक किडनीत एक पिशवीत, आतून सूज आली तरी लघवी अडू नये म्हणून ठेवतात आणि काही आठवड्यांत काढतात. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर लिहिलं होतं म्हणे, इंग्रजीत, ते पण डॉक्टरी अक्षरात, आणि तोंडी काय तर "पंधरा दिवसांनी दाखवून जा". दुखायचं थांबल्यावर कोण जातंय? जळजळ व्हायची, सारखं लघवीला पळायचा, तर वहिनी म्हणाली उन्हाळा आहे, धने-जिऱ्याचं पाणी सुरू. नवरात्रात लघवीतून रक्त आलं तेव्हा एक्स-रे काढला, तर नळीवरच खडे जमलेले! वेळेवर गेलो असतो तर नुसती बधिर करायची जेली लावून काही मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी परत भूल, परत लेझर, परत बिल.

आमची पण चूक आहेच, कार्ड कोणाकडून तरी वाचून घ्यायला हवं होतं. पण बाकी राहिलेल्या पैशांसाठी तीन-तीन फोन येतात तर नळीसाठी एक येऊ नये? फाइलवर हिंदीत, मराठीत मोठ्या अक्षरात "आत नळी आहे, अमुक तारखेला काढायची" एवढा शिक्का मारला तरी पुरे. तुमच्या आरोग्याच्या पानावर पण छापा हे. आणि ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय त्यांनी आजच ते कार्ड शोधून डीजे लिहिलंय का बघा, तारीख उलटली असेल तर दुखत नसलं तरी जा.

एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर