जाहीर आभार

आमच्या थोरल्या बंधूंच्या लहान आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी उजव्या फुप्फुसात पसरल्या होत्या. त्या काढण्याची शस्त्रक्रिया नुकतीच मुंबईत परळ येथे पार पडली. हा कर्करोग मुळातच विरळा. मूळ रोग आटोक्यात आहे, अन्यत्र गाठ नाही आणि उरणारे फुप्फुस श्वासाला पुरेल, याची खात्री होईपर्यंत सुरी न उचलणाऱ्या, आणि आमच्या घाईवर न रागावता सीटी स्कॅनची चित्रे पडद्यावर दाखवून समजावणाऱ्या डॉक्टरांचे आम्ही ऋणी आहोत. स्कॅनमध्ये न दिसलेली एक बारीक गाठ त्यांना फुप्फुस बोटांनी चाचपताना सापडली, हे ऐकून यंत्राइतकाच हाताचाही भरवसा वाटला.

ज्यांची नावेही आम्ही विचारू शकलो नाही, त्यांचे ऋण वेगळेच. छातीतील नळीला जोडलेल्या बाटलीतले पाणी श्वासागणिक हलते आहे ना, हे रात्रभर पाहणाऱ्या परिचारिका. जखमेवर उशी घट्ट धरून खोकायला आणि तीन चेंडूंच्या उपकरणातून श्वास ओढायला लावणाऱ्या, प्रसंगी दटावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई (दादा त्यांना अजून वचकून आहेत). रक्तपेढीत रक्त देऊन चहाही न घेता निघून गेलेले तरुण. आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत भेटलेले, स्वतःच्या मुलाच्या उपचारांच्या धावपळीतही आमची कागदपत्रांची फाइल तारीखवार लावून देणारे विदर्भातील गृहस्थ, या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. त्या गृहस्थांच्या मुलाला लवकर आराम पडो.

– समस्त कुटुंबीय, सांगली