वाक्प्रचार पाठ करून येत नाहीत हो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मराठीच्या पेपरात अजूनही तोच प्रश्न येतो, वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. मी घरी पाचवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. २०२० च्या कायद्यानंतर सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली त्यामुळे गुजराती, तमिळ घरातली पोरंपण येतात, आणि सगळ्यांकडे गाईडमधली तीच यादी, डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, घोका आणि मोकळे व्हा. मग वाक्य काय, तर "राजूच्या नाकी नऊ आले." कशाने आले, का आले, काही पत्ता नाही. आणि याला मार्क मिळतो!

नववी-दहावीत अलंकार येतात तिथे तर कहरच. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा लिहायचं, सम, समान, परी, सारखा दिसलं की उपमा, कवितेची ओळ वाचायचीसुद्धा गरज नाही. हीच पोरं बाहेर पायऱ्यांवर बसून "डोक्याची मंडई झाली", "डोक्याला शॉट आहे यार" असं बिनदिक्कत बोलत असतात, म्हणजे अलंकारिक भाषा त्यांना येते, फक्त तीच ही हे कोणी त्यांना सांगितलेलं नाही. मी आधी त्यांचीच वाक्यं फळ्यावर लिहिते, मंडईत काय असतं विचारते, गलका, गर्दी, भाव करणं, मग डोक्यात काय झालं ते त्यांचं तेच सांगतात.

लहान वर्गात तर शब्दशः चित्र काढू द्यावं, कानाडोळ्याचं किंवा तोंडाला पानं पुसण्याचं, पोरं हसून हसून लोळतात आणि मग खरा अर्थ कायमचा बसतो. पण एक सांगते, काही मुलं, विशेषतः ऑटिझम असलेली बरीच मुलं, बोलणं जसंच्या तसं घेतात. "कान उपटीन" म्हटलं तर खरंच घाबरतात. त्यांना कोडी घालू नका, त्याचा अर्थ सरळ शब्दांत सांगून टाका, त्यात कमीपणा कसला.

मोठ्यांना गोष्ट सांगा. अटकेपार झेंडे लावणे, आता ही अटक म्हणजे पोलिसांची असं निम्म्या वर्गाला वाटतं! नकाशा काढायचा, पुण्यापासून सिंधू नदीकाठच्या अटकपर्यंत बोट फिरवायचं, १७५८ साली राघोबादादांच्या स्वारीत मराठी फौजा तिथवर गेल्या हे सांगायचं, मग अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही. पुढे तीनच वर्षांत, १७६१ ला पानिपत, आणि आपण आजही निवडणुकीत कोणाचं पानिपत झालं म्हणतो. ध चा मा करणे तसंच, १७७३ चा नारायणरावांचा खून, 'धरावे' चं 'मारावे' कोणी केलं यावर इतिहासकार वाद घालोत, एका अक्षराने काय होतं ते मुलांना बरोब्बर कळतं.

काही म्हणींची अडचण वेगळी आहे. जात्यातले रडतात सुपातले हसतात, यातलं जातं नाही की सूप नाही फ्लॅटमध्ये. मोबाईलवर जात्याचा व्हिडिओ दाखवा ना, दोन मिनिटांचं काम आहे. आणि ज्या म्हणी बायकांना नाहीतर एखाद्या जातीला हिणवतात त्या पाठ करून घ्यायचं काहीच कारण नाही, मोठ्या वर्गात चर्चेला घेतल्या तर गोष्ट वेगळी.

पेपरातला प्रश्नपण उलटा करता येईल. प्रसंग द्या, चार ओळींचा, आणि इथे कोणता वाक्प्रचार बसेल आणि का ते विचारा. तपासायला वेळ जाईल हे मान्य, पण घोकलेलं उत्तर तिथे चालणार नाही.

तुमच्या पेपरचा मला यात रोज उपयोग होतो. महागाईने कंबरडे मोडले, पाहुण्या संघाला धूळ चारली, पावसाने दडी मारली, सगळं पहिल्या पानापासून खेळाच्या पानापर्यंत तयार असतं, मी कात्रीने कापून वर्गात वाटते. मुलांच्या पुरवणीत आठवड्याला असा एक मथळा घेऊन त्यामागची गोष्ट छापलीत तर आम्हा शिकवणाऱ्यांची मोठी सोय होईल. फक्त ते "सोहळ्याला चार चांद लागले" तेवढं मथळ्यात घेऊ नका, हिंदीतनं उचललेलं आहे आणि पोरं आता उत्तरपत्रिकेत तेच लिहायला लागलीत.

– एक वाचक, डोंबिवली