बातुमीहून (जॉर्जिया) पत्र, ऐन शिमग्यात

तीर्थरूप आई, बाबा आणि आजीस,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करतेस, मी बोललेलं तुला अर्धंच ऐकू जातं आणि मग त्या अर्ध्यावर रात्रभर विचार करत बसतेस, म्हणून या वेळी सगळं टाइप करून पाठवतेय. ताईला सांग आजीला मोठ्याने वाचून दाखव, फक्त शेवटचा पैशाचा भाग सोडून.

आधी तुझी उत्तरं देते, नाहीतर पुढचं तू वाचणारच नाहीस. हो, जेवते. दोन्ही वेळ. व्हिडिओत तोंड बारीक दिसतं ते मोबाईल वर धरते म्हणून, वजन आहे तेवढंच आहे. कुळथाचं पीठ अजून आहे, मेतकूट संपलं पण त्यासाठी पार्सल करू नका, पार्सलच्या खर्चात माझी महिन्याची भाजी येते. युद्ध चाललंय ते युक्रेनमध्ये, टीव्हीवर काळा समुद्र बोटाएवढा दिसतो म्हणून तुला जवळ वाटतं, इथून ओडेसा हजारेक किलोमीटर आहे. आणि ती गुडौरीची बातमी तू अजून धरून बसलीयस. ती 2024 च्या डिसेंबरातली, ते बर्फातलं गाव, इथून लांब. बंद जागेत जनरेटर चालू ठेवला होता त्याचा कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या खोल्यांत भरला. आपल्या भारतातली माणसं गेली, मलाही तेव्हा चार दिवस नीट झोप नव्हती. पण आमच्या हीटरचा धूर नळीने बाहेर जातो आणि तरीसुद्धा मी रात्री खिडकी फटभर उघडी ठेवते, रूममेट कुरकुरते तरी. आता हा विषय बंद.

मेडिकल कॉलेज, हॉस्पिटल, लायब्ररी, खोली हे तुम्हाला पाठच आहे, ते लिहीत नाही. वेगळं एवढंच की इकडे 3 मार्चला मदर्स डे आणि 8 मार्चला महिला दिन, दोन्हीला सरकारी सुट्टी. रस्त्यात जागोजागी मिमोझाच्या पिवळ्याधमक फांद्या विकायला असतात. (हा मिमोझा म्हणजे बाबा, आपल्या बाभळीच्या कुळातला ऑस्ट्रेलियन भाऊ, काटे नाहीत.) त्या सुट्टीला आम्ही मराठी पोरी मिळून बोटॅनिकल गार्डनला जाऊन आलो. लगेच कपाळाला आठ्या नकोत, मी दुसऱ्या दिवशीच्या पोस्टिंगचं वाचून मगच निघाले होते.

बाग शहरापासून 9 किलोमीटरवर आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्या अख्ख्या उतारावर बाग, समुद्राच्या पातळीपासून दोनशे मीटरच्या वरपर्यंत, आकाराने शंभर हेक्टरच्या पुढे. आपण आरे-वारेला जाताना वळणावर एकदम खाली समुद्र उघडतो ना, तसं इथे दर दहा मिनिटांनी होतं, फक्त मध्ये सुरूच्या जागी जपानचे उंचच्या उंच क्रिप्टोमेरिया आणि बांबूची बनं. बॅटरीवरच्या गाड्या आहेत वर न्यायला, आम्ही चालत गेलो.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. इथली माती लाल आहे. विमानातून उतरल्यावर पहिल्या वर्षी मला खरंच वाटेना, पण खरोखर लाल, बुटाला लागली की आपल्यासारखीच लवकर निघत नाही. पाऊस वर्षाला साधारण 2,500 मिलिमीटर, पण बाराही महिन्यांत वाटून, आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. म्हणून सगळं कायम हिरवं. एवढ्या उत्तरेला हे कसं, तर कॉकेशसचे डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतात आणि समुद्र थंडी फार पडू देत नाही. आंबा अर्थातच नाही. पण मंडारिन संत्री घराघराच्या परसात आणि त्यांचीसुद्धा कलमंच! खुंट वापरतात तो तीन पानांच्या काटेरी संत्र्याचा, त्याने झाड बुटकं राहतं आणि थंडी सोसतं. माझ्या पेशंट आजोबांनी हे मला तासभर समजावलं, मी म्हटलं माझे बाबा पण कलमं बांधतात, तर ते पलंगावरून उठून हात मिळवायला लागले, सलाईन लावलेलं होतं त्यांना.

बागेचे जगातल्या प्रदेशांप्रमाणे नऊ भाग आहेत. पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको वगैरे, आणि एक हिमालय. म्हणजे मी देवदार पहिल्यांदा बघितला तो जॉर्जियात. हे सगळं उभं केलं ते क्रास्नोव नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने, मूळचा रशियन, 1912 ला बाग सुरू झाली आणि दोनेक वर्षांत तो वारला, तिथेच बागेत पुरलंय त्याला. त्याने लावलेली रोपं त्याच्या गुडघ्याला पण आली नसतील तोवर. आता त्यांना मिठी मारायला दोन माणसं लागतात.

आजी, तुझ्यासाठी एक. तिथे कापराचं झाड आहे. खाली पडलेलं एक पान उचललं, चकचकीत, देठापासून तीन शिरा निघालेल्या, बोटांत चुरगळलं आणि वास एकदम आरतीच्या तबकातला. मी तो हात बराच वेळ धुतला नाही. बरोबरची नांदेडची मुलगी म्हणाली काय सारखी बोटं हुंगतेस.

समुद्र मात्र आपला नाही हं. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, सकाळ-संध्याकाळ पाणी तिथल्या तिथे. काकाला सांग, मुळे-कालवं काढायला खाजणात उतरायची सोयच नाही. वाळू नाही, नुसते गोल गोटे, आणि पाणी आपल्यापेक्षा निम्मं खारट. सूर्य मात्र पाण्यातच बुडतो, तेवढं एक बरं. बागेच्या खालून अगदी पाण्याला लागून रेल्वे जाते, तिबलिसीची गाडी वरून खेळण्यातली वाटते. आपली कोकण रेल्वे नावाची कोकणची, समुद्र कुठे दाखवते? नुसते बोगदे.

आता तिथे काय झालं ते सांगते. एका वळणावर दगडी कठडा होता, समोर सगळा समुद्र, मी दमून बसले त्यावर. दोन मिनिटं झाली नसतील, एक म्हातारी ओळख ना पाळख, तरातरा आली आणि मला ओरडायला लागली. आधी वाटलं बसायला बंदी असेल. तर तसं नाही. इथे मुलीने गार दगडावर बसायचं नसतं. हे तुम्हाला नीट समजावून सांगायला पाहिजे कारण मला पण समजायला वेळ लागला. इथे सगळ्यांचं ठाम मत आहे की दगडातला गारठा खालून वर शरीरात चढतो, गर्भाशयाला थंडी बसते आणि मग मूल होत नाही. दगडच असं नाही, सिमेंटची पायरी, कट्टा, फरशी, लोखंडी बाक, सगळं त्यात आलं. लाकडी बाक चालतो. उन्हात तापलेला दगड चालतो, पण ढग आले की उठायचं. खाली पेपर, पुठ्ठा, पिशवी, काहीही घेतलं की चालतं, म्हणजे एक पेपरची घडी मध्ये आली की गारठा तिथेच थांबतो असं काहीतरी. मुलग्यांना पण टोकतात पण हसत हसत, मुलींना मात्र रागावून. आणि हे फक्त म्हातारीच नाही, आमच्या वॉर्डातल्या शिकलेल्या नर्ससुद्धा, रात्रपाळीला मी जिन्यात बसले की येऊन उठवतात. मी म्हटलं मी डॉक्टर होतेय, असं कुठल्याच पुस्तकात नाही. तर त्या म्हणाल्या पुस्तक पुरुषांनी लिहिलंय. यावर काय बोलणार!

तर त्या म्हातारीने पिशवीतून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, घडी केलेला, म्हणजे त्यासाठीच घेऊन फिरत असणार, कठड्यावर ठेवला, वर थोपटला आणि मला बसवलं. शेजारी स्वतः दुसऱ्या पुठ्ठ्यावर बसली. मग कुठली, काय शिकते, आई-वडील आहेत का, भावंडं किती, आणि लग्न झालं का. नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं तू आणि ती रोज फोनवर बोलता की काय. निघताना पुठ्ठा माझ्याकडेच ठेव म्हणाली. आजी, तुला हे सगळं एकदम पटणार आहे हे मला माहितीय आणि म्हणूनच सांगताना मी घाबरत होते.

बरं, काकांनी ग्रुपवर परत विचारलंय माझी डिग्री भारतात चालते ना म्हणून. परत लिहिते, त्यांना फॉरवर्ड करा. कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून लागतो, तो आमचा आहे. इकडे बारा महिने इंटर्नशिप, मग बाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठी आपल्याकडची परीक्षा, 300 प्रश्न, 150 ला पास, वर्षातून दोनदा होते. मग तिकडे परत वर्षभर इंटर्नशिप. खूप जण नापास होतात हे खरं आहे, काकांनी ती बातमी टाकलीच होती. मी त्या परीक्षेचं आत्तापासून रोज थोडं थोडं करतेय. अजून काय सांगू, पास झाल्याशिवाय तर दाखवता येणार नाही.

शिमग्याचे व्हिडिओ बघितले. पालखी खळ्यात आली तेव्हा बाबा नाचवत होते ना? गुडघा दुखतो ना तुमचा? दादाने कॅमेरा सारखा ढोलावर ठेवला, मला बाबांचं तोंड नीट दिसलंच नाही. माझ्या नावाने ओटी भरली ते बरं केलंस आई. मी त्या वेळी लेक्चरला होते, हेडफोन एका कानात घातला होता.

ताईच्या लग्नाचं. मुहूर्त ठरला हे ऐकून इतका आनंद झाला की मी किचनमध्ये ओरडले. पण मेमध्ये माझ्या फायनल्स आहेत आणि त्या चुकल्या तर सहा महिने जातात, फीसकट. शिवाय त्या दिवसात तिकीट दुप्पट असतं. मी हिशेब करून बघितला, मग परत करून बघितला. ताईशी मी स्वतः बोललेय, ती म्हणाली काही हरकत नाही, पण ती तसंच म्हणणार ना, तिला विचारून काय उपयोग. तू तिच्याजवळ बस जरा. हळदीला आणि मंगलाष्टकाला मोबाईल कुठेतरी स्टँडवर लावा, कोणाच्या हातात देऊ नका, लोक जेवायला गेले की मोबाईल पण घेऊन जातात. माझ्यासाठी घेतलेली साडी मामीच्या मुलीला नेसव, तिला तो रंग चांगला दिसेल.

आणि चिपळूणच्या स्थळाला माझी पत्रिका देऊ नकोस. मुलगा चांगला असेल, मी कुठे नाही म्हणतेय, पण अजून परीक्षा, तिकडची इंटर्नशिप, सगळं बाकी आहे, तोवर कोणाला ताटकळत ठेवायचं. तू ठेवूच नकोस म्हणजे झालं.

(ताई, इथून पुढे आजीला वाचू नको.)

बाबा, तुम्ही मला सांगितलं नाहीत पण दादाकडून कळलं की सड्यावरची आंब्याची बाग पाच वर्षांसाठी कराराने द्यायचं चाललंय, माझ्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी. डॉलर चढला म्हणून फी रुपयात वाढत चाललीय हे मला कळतं, मी रोज सकाळी उठल्यावर आधी तो भाव बघते. पण करारवाले काय करतात ते तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात, पाच वर्षांत जेवढं ओरबाडता येईल तेवढं, कल्टार, ते मोहोर आणायचं औषध, प्रमाणाबाहेर ओततात आणि बाग परत हातात येते तेव्हा झाडं दमलेली. आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले आणि खालून डोक्यावर माती नेऊन ती कलमं लावली. त्यातलं एक जरी वाळलं तरी मला ते माझ्यामुळे वाटेल, तुम्ही कितीही नाही म्हणालात तरी.

मी असं ठरवलंय: मे महिन्याचं तिकीट वाचलं ते फीच्या पहिल्या हप्त्यात जाईल. जून-जुलैत पहिल्या वर्षाच्या मुलांना मी अ‍ॅनाटॉमी शिकवते, त्याचे थोडे लारी, म्हणजे इथले पैसे, साठतात, एका लारीचे तीसच्या वर रुपये होतात म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. बँकेचा राहिलेला हप्ता जुलैत सुटतो, मॅनेजरांना ईमेल केलाय, उत्तर आलं की पाठवते. तरी कमी पडतील तेवढे यंदाच्या पेट्यांमधून बघूया, मोहोर बरा आहे असं दादा म्हणाला, त्यावर तुडतुड्याची कीड आली नाही म्हणजे मिळवलं.

तब्येतीला जपा. आजीची गोळी सकाळची आहे, रात्री देऊ नका.

तुमची,
मनू

ता. क. करारावर सही झालीच असेल तर मला ओरडायचं नाहीये. फक्त तो कागद मोबाईलवर फोटो काढून पाठवा, सगळी पानं, मागची बाजूसुद्धा. आणि झाली नसेल तर एकच वर्षाचा करा, आणि कल्टार घालायचं नाही असं त्यात लिहून घ्या, तोंडी नको.