जळलेलं जंगल आणि संपलेलं जंगल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅनडातल्या वणव्यांची बातमी आपल्या अंकात ‘हजारो हेक्टर जंगल नष्ट’ अशा मथळ्याखाली वाचली. वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मार्च महिन्यातला सह्याद्रीचा काळाठिक्कर डोंगर येतो, म्हणून ‘नष्ट’ हा शब्द सहज लिहिला जातो. उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलात तो बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. जिथे खरोखर पडतो, तिथली बातमी मात्र येतच नाही. मी सत्तावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हा फरक मला निवृत्तीनंतर कळला, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅकमरीला राहते. मे २०१६मध्ये तिथे आग आली, तेव्हा सुमारे ८८ हजार माणसांना घरदार सोडून निघावं लागलं. तीही दोन बॅगा घेऊन निघाली होती. ते दोन दिवस आम्ही इकडे कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. माणसांच्या त्या हालाला मी कमी लेखत नाही.

तीन वर्षांनी, २०१९च्या जुलैत, तिने मला त्याच जळलेल्या रानात नेलं. वर पाहिलं तर कोळशाचे खांब उभे. खाली मात्र पाय कुठे ठेवावा हा प्रश्न! वीतभर उंचीची जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाची रोपं इतकी दाट, की कुणीतरी मूठमूठ बी फेकलं असावं. जुन्या मुळांतून फुटलेले ॲस्पेन या रुंद पानांच्या झाडाचे धुमारे कमरेच्या वर गेलेले, आणि मधूनमधून फायरवीडचे जांभळट गुलाबी तुरे. एका काळ्या खोडावर सुतार पक्षी टकटक करत होता. जळक्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात आणि त्या खायला काळ्या पाठीचे सुतार मुद्दाम अशा रानात येतात.

जवळच्या न जळलेल्या जॅक पाइनचा एक शंकू मी घरी आणला. बोटाएवढा, वाकडा, दगडासारखा घट्ट. नखाने खवला उचकटेना, कारण खवले राळेने चिकटवलेले असतात. असा शंकू झाडावर वर्षानुवर्षं बंदच राहतो. मुलीच्या स्वयंपाकघरात तो क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवला आणि ताटलीत ठेवला. थोड्या वेळाने बारीक तडतड ऐकू आली, खवले एकेक करून मागे वळले आणि आतून पातळ पंखाचं, तिळाएवढं काळं बी ताटलीत पडलं. पन्नासेक अंश उष्णता लागली की राळ वितळते. म्हणजे आग येईल हे धरूनच या झाडाने बी राखून ठेवलेलं असतं. आगीनंतर जमीन उघडी पडते, ऊन खाली पोचतं, आणि तेव्हाच हे बी पडतं. ब्लॅक स्प्रूस या तिथल्या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे शंकूही बरेचसे असेच. तिथल्या मोठ्या आगी बहुतेक विजेमुळे लागतात आणि हजारो वर्षं लागत आल्या आहेत. क्री आणि डेने हे तिथले आदिवासी लोक तर वसंतात गवताळ तुकडे स्वतः बेताने जाळत. पुढे सरकारने ते बंद केलं.

हे वाचून आपल्याकडचे वणवे बरे, असं कृपा करून कुणी समजू नये. सह्याद्रीतली आग बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते आणि आपल्या झाडांकडे अशी राळेची कुपी नाही.

मग काळजी कशाची? एक म्हणजे आग लवकर परत येण्याची. स्प्रूसला पुरेसं बी धरायला काही दशकं लागतात. त्याआधीच पुन्हा आग आली, तर झाडावर बी नसतं. मग तिथे ॲस्पेन किंवा नुसतं गवत येतं आणि स्प्रूसचं रान खरोखरच संपतं. रानातले कॅरिबू, म्हणजे तिथले रेनडिअर, हिवाळ्यात दगडफुलाच्या जातीची बुरशी-शैवालं खाऊन जगतात. ती परत यायलाही कित्येक दशकं जावी लागतात.

दुसरी काळजी पायाखाली आहे. तिथे चालताना गादीवर चालल्यासारखं वाटतं. थंडी आणि ओल यांमुळे शेवाळ कुजत नाही, थरावर थर साचत जातात. या जंगलातला बराचसा कार्बन झाडांत नसून या थरांत आणि मातीत आहे. उन्हाळा कोरडा गेला की आग त्यात उतरते आणि बर्फाखालीही धुमसत राहते. फोर्ट मॅकमरीची ती आग पूर्ण विझल्याचं जाहीर व्हायला ऑगस्ट २०१७ उजाडला! २०२३मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. झाडं एखाद्या आयुष्यात परत येतील, पण शतकानुशतकं साचलेला थर धूर होऊन गेला तर तो आपल्या हयातीत भरून येत नाही. नवी रोपं लावूनही तो परत आणता येत नाही.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल, तर ऑगस्टअखेर कृष्णेकाठी यावं. हिरवी तुतारी नावाचा शेपूट हलवत फिरणारा छोटा पाणपक्षी तिथे एकटाच चिखल टोचताना दिसेल. रशिया-फिनलंडकडच्या अशाच दलदलीच्या रानात, झाडावरच्या कस्तुर पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालून तो हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतो.

तेव्हा एक विनंती आहे. यंदाच्या उन्हाळ्यातही उत्तरेकडून आगीच्या बातम्या येतील. किती हेक्टर जळलं ते जरूर छापा, पण त्यासोबत आणखी दोन ओळी द्या : त्या पट्ट्यात याआधी आग कधी आली होती, आणि या वेळी ती जमिनीत किती खोल गेली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा